बेल्ट आवळला, नवा टाकला, तरी ट्रक किंचाळतोच: आवाजाचं मूळ कसं शोधायचं

सकाळी सेल्फ मारला की इंजिन दहा-पंधरा सेकंद ‘कुईईई’ करतं आणि गप्प होतं. मिस्त्री बेल्ट आवळून देतो. आठवडा बरा जातो, मग पुन्हा तेच. नवा बेल्ट पडतो, पंधरा दिवसांनी तोही ओरडायला लागतो. जुना टाटा १६१३, ११०९, ४०७ किंवा लेलँडचा कॉमेट, म्हणजे व्ही बेल्टवर पंखा, वॉटर पंप आणि डायनमो चालणाऱ्या गाड्यांत हे दुखणं नेहमीचं आहे. (नाव अल्टरनेटर असलं तरी गॅरेजमध्ये त्याला डायनमोच म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिलं आहे.)

ओरडतो बेल्ट, पण बहुतेक वेळा दुखणं त्याचं नसतं. तो घसरतो म्हणून ओरडतो. का घसरतो हे न बघता नुसतं आवळत गेलं की आवाज काही दिवस दबतो आणि तो जादा ताण पंपाच्या व डायनमोच्या बेअरिंगवर बसतो. तीन-चार वेळा असं झालं की बेल्टाच्या कामातून पंपाचं काम निघतं, तेही ऐन सीझनमध्ये, ऊस भरून गाडी कारखान्याच्या रांगेत उभी असताना.

आवाज नेमका कधी येतो

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस आवाजाची वेळ लक्षात ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच येऊन थोड्या वेळाने जाणारा आणि हेडलाईट लावल्यावर परत येणारा आवाज म्हणजे डायनमोवर लोड येतोय आणि बेल्ट त्याला ओढू शकत नाही. एकदम रेस दिली की किंचाळतो आणि रेस स्थिर केली की थांबतो, तर बेल्ट ढिला आहे किंवा पुलीची खाच झिजली आहे. ‘चिक चिक चिक’ असा तालात येणारा आणि रेसबरोबर ताल वाढणारा आवाज पुल्या एका रेषेत नसल्याचा, नाहीतर बेल्टला एका जागी चीर पडल्याचा. सतत येणारा, मध्ये घरघर मिसळलेला आणि लाईट लावा की बंद करा, काहीच फरक न पडणारा आवाज बेअरिंगचा असतो.

काही आवाजांचा बेल्टशी संबंधच नसतो, आणि ते न ओळखल्यामुळे चांगले बेल्ट फेकले जातात. क्लचचा पेडल दाबला की येतो आणि सोडला की जातो, तो क्लच रिलीज बेअरिंगचा. उलट असेल, म्हणजे गाडी न्यूट्रलला उभी असताना येतो आणि पेडल दाबला की जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायचं. फक्त भरलेल्या गाडीत, मांजरसुंब्याच्या घाटासारख्या चढाला जोर लावल्यावर शिट्टी वाजते आणि उभ्या गाडीत काहीच नसतं, तर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा), टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा हवेचा पाइप किंवा एक्झॉस्टचं गॅस्केट. इंजिन सुरू झाल्यावर किल्ली सोडली तरी कर्कश आवाज चालूच राहिला, तर सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलमधून बाहेर आलेलं नाही. अशा वेळी इंजिन त्याच क्षणी बंद करा. मिनिटभर चाललं तरी सेल्फ जळतो आणि रिंगचे दातही जातात.

जवळ जाण्याआधी

या गाड्यांचा पंखा इंजिनाबरोबरच फिरतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. गळ्यातलं उपरणं, खांद्यावरचा गमछा, हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. सैल बाहीचा शर्ट नको. केबिन पुढे कलंडणारी असेल तर तिचा टेकू आणि लॉक दोन्ही बघा. बेल्टाला हात लावायचा असेल तर किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि बॅटरीचा कट-ऑफ बंद करा. इंजिन चालू ठेवून चिंधीने बेल्ट पुसणं ही बोटं जाण्याची सगळ्यात ठरलेली पद्धत आहे, ते कुणालाही करू देऊ नका.

पाणी मारून, मग बेल्ट काढून

इंजिन आयडलवर ठेवा. बाजूला उभं राहून, हात पंख्यापासून लांब ठेवून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टाच्या आतल्या बाजूवर थोडं साधं पाणी मारा. आवाज थोडा वेळ थांबून पुन्हा आला तर पुल्यांची रेषा चुकलेली असण्याचा संशय धरा. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी आहे किंवा बेल्टाची पकड गेली आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळा. या चाचणीवरून पुढची दिशा कळते, तिच्यावर शेवटचा निर्णय घेऊ नका.

खात्री होते ती बेल्ट काढल्यावर. थंड इंजिनावर सगळे बेल्ट उतरवा, गाडी सुरू करा आणि अर्ध्या मिनिटात बंद करा. पंप फिरत नसतो, त्यामुळे जास्त वेळ चालवायची नाही. आवाज गेला तर दोष बेल्टात किंवा बेल्टावर चालणाऱ्या भागात आहे. राहिला तर पुढचं सगळं सोडा आणि क्लच, टर्बो, एक्झॉस्ट, सेल्फ यांच्याकडे जा.

बेल्ट उतरलेलेच आहेत तर एकेक पुली हाताने फिरवून बघा. डायनमो हलका आणि गुळगुळीत फिरला पाहिजे. वाळू दळल्यासारखं हाताला लागलं की बेअरिंग संपलं. पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, ‘टक टक’ खेळ जाणवला तर पंप उतरवायचा. पंख्याचा हब वेगळा असेल तर त्यालाही असंच हलवा. ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर बेल्टावर असेल तर फिरवताना दाबाचे झटके लागतील, ते साहजिक आहे. क्रँकच्या पुलीला पंख्याच्या बाजूने नीट न्याहाळा. इंजिन सुरू असताना ती लचकत फिरत असेल तर तिच्यातलं रबर सुटलं आहे किंवा बोल्ट ढिला आहे, आणि अशा पुलीवर कोणताच बेल्ट टिकणार नाही.

खाच बघा, बेल्ट नंतर

इथे सगळ्यात जास्त चूक होते, म्हणून थोडं थांबून बघू. व्ही बेल्ट पुलीच्या तळावर बसून ओढत नाही. त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू खाचेच्या भिंतींत पाचरीसारख्या रुततात आणि त्या पकडीवर काम चालतं. तळाशी मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने खाच पुसा, मग कोरड्या चिंधीने, आणि टॉर्च आत धरून तळ बघा. चांगल्या पुलीत भिंती गुळगुळीत आणि तळ मळका, गंजका असतो, कारण तिथे काही घासतच नाही. तळ रुपयासारखा चकाकत असेल तर बेल्ट खाली टेकतोय आणि पाचरीची पकड संपली आहे. आता नख भिंतीवरून वरून खाली न्या. मध्ये पायरी लागली, भिंत सरळ न राहता आत पोखरल्यासारखी वाटली, तर पुली गेली. नवा बेल्ट खाचेत ठेवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाच्या बरोबरीत किंवा केसभर वर यायला हवी. काठाच्या खाली बसला तर एकतर पुली झिजलेली आहे, नाहीतर बेल्ट चुकीच्या मापाचा आहे. सेक्शन म्हणजे बेल्टाच्या जाडी-रुंदीचं माप: ए सेक्शनचा बेल्ट वरून १३ मिमी रुंद असतो, बी सेक्शनचा १७ मिमी. ‘लांबी जुळली ना, मग चालतो’ म्हणून बारीक सेक्शन टाकला की तो तळाला बसतो आणि पहिल्या दिवसापासून ओरडतो.

आपल्याकडे पुल्या लवकर झिजतात त्याला कारण आहे. काळ्या मातीची उन्हाळी धूळ खाचेत बसली की पॉलिश पेपरसारखं काम करते. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत फेऱ्या करणाऱ्या गाड्यांना लोखंडाची पापडी असलेली धूळ मिळते, ती त्याहून खराब. जिनिंगच्या गाड्यांत कापसाचा तंतू तेलाच्या ओलीला चिकटतो आणि डायनमोच्या हवेच्या भोकांवर नमद्यासारखा थर होतो. डायनमो तापतो, त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस वितळून निघून जातं आणि मग तोच बेल्टला अडवतो. कापूस किंवा उसाची गाडी असेल तर रेडिएटर आणि डायनमो दर आठवड्याला हवेच्या पाइपने झाडा.

उतरवलेला बेल्टही बोलतो. बाजू काचेसारख्या चकचकीत म्हणजे बराच काळ घसरलाय. एकाच बाजूचे धागे निघालेत म्हणजे रेषा चुकली आहे. फुगून मऊ पडलाय म्हणजे त्याला तेल लागलंय, आणि तेव्हा पुढचं क्रँक सील, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, डिझेलचे जोड यांतली गळती आधी बंद करायची, नाहीतर नवा बेल्टही तसाच फुगेल. आतल्या बाजूला आडव्या भेगा पडल्या असतील तर त्याचं वय झालं. जोडीचे बेल्ट असतील तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे टाका. एक जुना एक नवा ठेवला तर नवा एकटाच सगळा भार ओढतो आणि जुना फडफडतो.

आणि एक कळकळीची विनंती. साबण, राळ, मेण, ग्रीस, खडूची पूड, बेल्टचा स्प्रे, यातलं काही लावू नका. त्याने आवाज तासाभरासाठी जातो, चिकटपणावर धूळ बसते आणि पुलीच्या भिंती घासल्या जातात.

बॅटरीकडे कुणी बघत नाही

बेल्ट नवा, पुल्या चांगल्या, रेषा बरोबर, तरी सकाळी किंचाळतो. अशा गाडीत डायनमोवर येणारा बोजा तपासायचा.

सेल्फने बॅटरीतून ओढलेला करंट डायनमो लगेच भरून काढायला जातो. बॅटरी धडधाकट असेल तर हा जोर थोड्या वेळात ओसरतो. बॅटरीचा एक सेल मेलेला असेल तर डायनमो पूर्ण ताकद लावतच राहतो आणि बेल्टला ती ताकद पुलीवरून द्यावी लागते. थंड सकाळी रबर कडक आणि दहिवराने बेल्ट ओलसर, म्हणून आवाज तेव्हाच. परभणीकडे थंडीत हे हमखास दिसतं.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीत २४ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर दुखणं सापडलं. मग गाडी सुरू करून मध्यम रेसला दोन्ही मिळून मोजा: साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट हवेत. ४०७ सारख्या १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४. २४ च्या गाडीत २९ च्या वर गेले तर डायनमोचा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक सेलचं पाणी तपासा. भरलेल्या बॅटरीत सगळ्या सेलचा आकडा १.२५० च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असतो. एखादा एकटाच फार खाली असेल तर तो सेल गेला.

दोन बॅटऱ्यांत असा फरक पडण्याचं मोठं कारण केबिनमधला गाण्यांचा डेक किंवा मोबाइलचा चार्जर. गाडी २४ व्होल्टची, डेक १२ चा, म्हणून एकाच बॅटरीवरून वायर काढली जाते. ती एकटी रिकामी होत राहते, दुसरी जास्त भरली जाते आणि डायनमो दोघींना एकाच मापाने चार्ज करत बसतो. वर्षभरात दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि ती वायर काढून टाका.

टपावरच्या लाईटांचाही हिशोब करा. ७० वॅटचे १० दिवे म्हणजे ७०० वॅट, २४ व्होल्टवर सुमारे २९ अँपिअर. डायनमो ३५ किंवा ४५ अँपिअरचा असेल तर हेडलाईट, पंखा आणि चार्जिंगला उरतं काय? रात्री रांगेत इंजिन आयडलवर ठेवून सगळे दिवे लावले की डायनमोचा वेग कमी आणि बोजा पुरा. बेल्ट ओरडणारच. दिवे एलईडीचे केले तर हाच बोजा बराच उतरतो.

मोजताना एक पथ्य पाळा: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनमो चार्ज करतोय का’ बघू नका. डायनमोतले डायोड जळतात.

ब्रॅकेटचं लंबगोल भोक

परत परत येणाऱ्या आवाजाचं हे सगळ्यात लपलेलं कारण आहे. डायनमो खाली एका लांब बोल्टवर टेकलेला असतो आणि वर टेन्शनच्या पट्टीला बांधलेला. वर्षानुवर्षांच्या थरथरीने खालच्या ब्रॅकेटचं गोल भोक लंबगोल होतं, त्यातला बुश (बोल्टाभोवतीची नळी) झिजतो. गाडी बंद असताना डायनमो सरळ दिसतो. बेल्टाचा ताण आणि लोड आला की तो नाक खाली करून तिरका होतो आणि बेल्ट खाचेत वाकडा शिरतो.

बघायचं असं: बोल्टाच्या डोक्याभोवती विटकरी रंगाची पूड दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय. मग टॉमी (लोखंडी पहार) डायनमोच्या पुढच्या कानाखाली, म्हणजे बोल्ट जातो त्या भागाखाली, घालून हलकं उचला. बोल्ट आवळलेला असूनही डायनमो हलला तर बोल्ट काढा, भोकात नवा बोल्ट घालून हलवून बघा. खेळ असेल तर नवा बुश बसवा किंवा ब्रॅकेट लेथवर देऊन भोक मोठं करून बुश मारून घ्या. नुसता जाड वॉशर घालून बोल्ट आवळणं आठ दिवस पुरतं.

रेषा बघायला सुतळी पुरते. क्रँकच्या पुलीच्या तोंडावरून डायनमोच्या पुलीच्या तोंडापर्यंत ताणून धरा, दोन्ही पुल्यांवर दोन-दोन अशा चार जागी ती टेकायला हवी. दोन्ही पुल्यांच्या काठाची जाडी वेगळी असेल तर खाचेच्या मध्यापासून मोजा. फरक २ मिमीच्या आत ठेवा. डायनमो आधी कधी उतरवला असेल तर ब्रॅकेट आणि कानाच्या मधला वॉशर परत बसवलाय का ते बघा. तो एक वॉशर हरवला की डायनमो तेवढाच मागे जातो.

पंप

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे पांढरट-हिरवट ओघळ किंवा थेंब दिसला की पंपाचे दिवस भरले. काही ठिकाणी हे भोक एम-सीलने बुजवलेलं सापडतं. थेंब बंद होतो, पाणी बेअरिंग खातं, आणि पुढे पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. बोअरचं जड पाणी सील आणि रेडिएटर दोन्हींची वाट लावतं, म्हणून डबाभर कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, डब्यावर दिलेल्या प्रमाणात घाला.

कुठला भाग बोलतोय हे कळत नसेल तर लांब पेचकसाचं टोक पंपाच्या किंवा डायनमोच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. खराब बेअरिंगची घरघर स्पष्ट येते. पंख्याकडून नाही, बाजूने टेकवा.

कंप्रेसरचा संशय असेल तर ब्रेक चार-पाच वेळा दाबून हवा उतरवा. हवा भरताना आवाज आणि टाकी भरून कंप्रेसर सुटला की शांत, असं झालं तर तोच. टर्बोसाठी हवेच्या पाइपांचे क्लॅम्प आणि एक्झॉस्टच्या जोडावरची काजळी बघा. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो ते चालतं, पुढे-मागे खेळ असेल किंवा पंखा भिंतीला घासल्याची खूण असेल तर टर्बो उतरवा.

बेल्ट बसवण्याची पद्धत

टेन्शनच्या पट्टीचा आणि खालचा, दोन्ही बोल्ट ढिले करा, डायनमो आत ढकला, बेल्ट हाताने चढवा. पेचकसाने पुलीच्या काठावरून उचकटून चढवलेल्या बेल्टाचे आतले धागे तुटतात. वरून दिसत नाही, पण तो पंधरा दिवसांत ताणतो. ‘नवा टाकला तरी ढिला झाला’ या तक्रारीत ही चूक बरेचदा असते.

ताण देताना टॉमी डायनमोच्या पुढच्या, पुलीकडच्या लोखंडी कानाला लावा. मधल्या ॲल्युमिनियमला लावली तर तडकतं. डायनमोच्या मागे व्हॅक्यूम पंप असेल तर त्याच्यावर अजिबात जोर नको, ब्रेकचं काम त्याच्यावर आहे. आधी पट्टीचा बोल्ट आवळा, मग खालचा.

दोन पुल्यांच्या मधल्या सगळ्यात लांब भागावर, मध्यावर, अंगठ्याने जोरात दाबा. १० ते १५ मिमी दबला की ताण बरोबर. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. नवा बेल्ट खाचेत बसताना सैलावतो, म्हणून अर्धा तास चालवून, इंजिन निवल्यावर परत तपासा आणि पुन्हा ३००-५०० किलोमीटरनंतर. नव्या बेल्टाच्या बऱ्याच तक्रारी हा दुसरा आवळा न दिल्यामुळे असतात.

वाटेत किंचाळायला लागला तर

टेम्परेचरचा काटा आणि चार्जिंगचा दिवा बघा. दिवा लागला आणि काटाही चढतोय, तर बेल्ट तुटला आहे किंवा पूर्ण घसरतोय. एप्रिल-मेच्या उन्हात भरलेल्या गाडीला अशा वेळी काही किलोमीटरही पुरतात इंजिनाचं हेड जायला. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. दोन्ही ठीक असतील तर जास्तीचे दिवे आणि डेक बंद करून, रेस कमी ठेवून पुढच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. योग्य सेक्शनची बेल्टची जोडी, डायनमोच्या बोल्टांना बसणारे पाने आणि एक टॉमी सीटमागे असू द्या. जोडी विकत घेतली की एकदा पुलीवर ठेवून माप बघून घ्या, रस्त्यात उघडल्यावर चुकीची निघायला नको.